सूचीत आजी कुठे आहे?

परवा रात्री साडेनऊला बोरिवलीहून आतेबहिणीच्या मुलीचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट प्रश्न.

"मावशी, तुमच्या घराण्याचं ते जाडं पुस्तक आहे ना, त्यात माझी आजी कुठे आहे? मागची सूची दोनदा पाहिली. नाहीये ती."

"कुठल्या नावानं पाहिलंस?"

"म्हणजे काय? आजीच्या नावानं!"

मी तिला पान सांगितलं, २१४. कपाटाकडे जावं लागलं नाही. आमच्या कुलवृत्तांतातली फारशी पानं मला पाठ नाहीत, हे मात्र आहे. ते का, हे बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज बसलेच आहे तर सगळं सांगते. थोडं लांबण लागेल. नातेवाईकांनी निदान शेवट तरी वाचा, तुमच्याकडे काम आहे.

कुलवृत्तांत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कोकणातल्या कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत काढले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, पिढ्या, आणि मग एकेका पुरुषाच्या चार-सहा ओळी: जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नीचं नाव आणि माहेर, मुलगे. मुली शेवटच्या ओळीत. आमचा कुलवृत्तांत माझ्या काकांनी केला. मुलुंडच्या दोन खोल्यांत बसून बारा वर्षं. शेकड्यांनी जोडकार्डं पाठवली. अर्ध्या लोकांनी उत्तर दिलं नाही, काहींनी 'आमचा तुमच्याशी संबंध नाही' असं कळवलं आणि दोघांनी जमिनीचा वाद उकरून काढला. तरी १९९८ मध्ये हस्तलिखित पुरं झालं.

मी तेव्हा घाटकोपरला एका डीटीपीवाल्याकडे कामाला होते. लग्नपत्रिका, लेटरहेडं, पतपेढ्यांचे अहवाल आणि पावसाळ्यात दिवाळी अंकांची पानं. तेव्हा पुस्तक माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. काकांची अट एकच. "सूची हवी. सूची नसेल तर लोक पुस्तक कपाटात ठेवतील, उघडणार नाहीत."

मी म्हटलं, "काका, त्यात काय! पेजमेकर आपोआप करून देतो."

या 'आपोआप'नं मला पुढे दोन महिने रडवलं. आणि त्या निमित्तानं मी सूचीविषयी मिळेल ते वाचू लागले.

अनुक्रमणिका आणि सूची यांत आपण नेहमी गल्लत करतो. अनुक्रमणिका पुस्तकाच्या पुढे असते आणि लेखकाच्या क्रमानं चालते. सूची मागे असते आणि वाचकाच्या सोयीनं चालते. आपल्याकडे अनुक्रमणी हा शब्द फार जुना आहे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदलेले आहेत. पण ती संहितेच्याच क्रमानं जाते आणि तिच्यात पानाचा आकडा नाही. असणार कसा? ज्याला सगळं पाठ आहे त्याला पान कशाला लागतंय!

आज आपण जिला सूची म्हणतो तिला दोन गोष्टी लागतात. एक, सर्वांना मान्य असा अक्षरांचा क्रम. दोन, प्रत्येक प्रतीत तोच मजकूर त्याच पानावर. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डॉमिनिकन मठातल्या लोकांनी बायबलमधल्या शब्दांची अक्षरवार सूची केली, तेव्हा दुसरी गोष्ट नव्हती. हाती लिहिलेल्या दोन प्रतींची पानं जुळत नसत. म्हणून त्यांनी अध्यायाचा आकडा दिला आणि प्रत्येक अध्यायाचे मनानंच सात भाग पाडून कितव्या भागात शब्द आहे ते सांगितलं. छापील पुस्तकाच्या पानांवर आकडे आले ते १४७० च्या सुमारास, जर्मनीतल्या कलोनमध्ये.

आपली गंमत उलटी. पहिली गोष्ट आपल्याकडे केव्हाची होती, आणि तीही कशी, तर कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागेनुसार लावलेली. पण पोथ्यांची पानं एकसारखी नव्हती. छापखाने आल्यावर दोन्ही जुळून आलं. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला, तेव्हा मराठी शब्द कुठे शोधायचा याची सवयच छापील झाली.

मग मराठी पुस्तकांना सूची का नसते? मला वाटायचं, आळस. त्या डीटीपीवाल्याकडे एक म्हातारे मुद्रितशोधक यायचे. त्यांचं आयुष्य खिळ्यांच्या छापखान्यात गेलेलं. त्यांनी मला समजावलं. खिळेजुळारी सोळा पानं जुळवणार, प्रूफं तपासली जाणार, फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला घेणार. एवढे खिळे होते कोणाकडे, अख्खं पुस्तक जुळवून ठेवायला? म्हणजे पानांचे आकडे पक्के होत होत पुस्तक जवळजवळ छापून झालेलं. सूची करायची तर त्यानंतर. तोवर प्रकाशकाचे पैसे अडकलेले, बाइंडर दाराशी उभा, आणि लेखकाला प्रत हातात हवी. सूचीची आठ-दहा पानं पहिल्यांदा कापली जायची ती अशी.

म्हणूनच ज्यांनी हे काम केलं त्यांच्याविषयी मला आता वेगळाच आदर वाटतो. केतकरांच्या ज्ञानकोशात सूचीचा स्वतंत्र खंड आहे. आणि शंकर गणेश दाते! त्यांची 'मराठी ग्रंथसूची' म्हणजे पुस्तकातल्या शब्दांची नव्हे, तर पुस्तकांचीच सूची. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांचा पहिला भाग १९४३ मध्ये निघाला. १९३८ ते १९५० चा दुसरा यायला १९६१ उजाडलं. मधली अठरा वर्षं त्या माणसानं काय केलं असेल, हे सूची केलेल्या माणसालाच कळेल.

तर पेजमेकर. अमेरिकेतल्या सिअॅटलच्या अल्डस कंपनीनं हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणलं. सूची करायची सोय १९९० च्या चौथ्या आवृत्तीत आली. १९९४ मध्ये अॅडोबीनं अल्डस विकत घेतली. आमच्याकडे ६.५ होतं. कृती सोपी. शब्द निवडायचा, सूचीची नोंद करायची, ती खूण मजकुरातच चिकटून बसते. नंतर पानं पुढेमागे झाली तरी आकडा आपोआप बदलतो. खिळ्यांच्या काळातली सगळी अडचणच संपली! शेवटी एक कमांड द्यायची, की तयार सूची पानावर ओतली जाते. शिवाय नावांसाठी खास सोय होती. नाव-आडनाव निवडलं की ते उलटं करून आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव अशी नोंद व्हायची.

ही सोय मी कौतुकानं पहिल्या दीडशे नावांना वापरली आणि सूची काढली. आता तुम्हीच सांगा, कुलवृत्तांतात सगळ्यांचं आडनाव काय असणार? दीडशे नोंदी, दीडशेच्या दीडशे एकाच आडनावाखाली! डीटीपीचे मालक खुर्चीतच हसत सुटले.

बरं, उलटापालट बंद केली. पुन्हा सूची काढली. आता दिनकर, विनायक, शिवराम, चिंतामण, निर्मला ही सगळी मंडळी एका रांगेत, आणि श्रीधर-श्रीपाद 'श'पासून मैलभर लांब. मला वाटलं मशीन बिघडलं.

मशीन ठीक होतं. त्याला मराठी येत नव्हतं, इतकंच. श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, त्या काळचे आपले फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या घरात राहायला आलेले मराठी भाडेकरू. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी चिन्हंच असायची, पडद्यावर आणि कागदावर फक्त चित्र देवनागरीचं. ह्रस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून साठवलीही जायची आधी. त्यामुळे वेलांटीनं सुरू होणारी सगळी नावं मशीनला एकाच अक्षराची वाटत होती. 'श्री' हे वेगळं चित्र, म्हणून त्याचा कोड वेगळा. उच्चाराच्या क्रमानं अक्षरं साठवण्याचं इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलेलं होतं. पण पेजमेकरच्या पानावर उतरेपर्यंत मजकुराचं चित्रच झालेलं असायचं, आणि प्रत्येक कंपनीची चित्रं निराळी.

त्यातच मशीन प्रत्येक गटावर ए, बी, सी अशी शीर्षकं घालायचं. ती मराठी फॉन्टमध्ये अगम्य तुकडे होऊन दिसायची. आणि परस्परसंदर्भ, म्हणजे 'अमुक पाहा, तमुक पाहा'. त्यासाठी पेजमेकर इंग्रजीत 'सी' हा शब्द घालायचं. आमच्या फॉन्टमध्ये त्याचे तीन चमत्कारिक तुकडे व्हायचे. चाळीस ठिकाणी ते हातानं खोडून 'पाहा' लिहिलं, पुन्हा सूची काढली की पुन्हा तुकडे हजर. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी वैतागून परस्परसंदर्भच काढून टाकले. सगळेच्या सगळे.

हे वाक्य लक्षात ठेवा.

क्रमाचा प्रश्न सुटला तो नोंदीच्या चौकटीतल्या एका कोपऱ्यामुळे. नावाशेजारी एक रिकामी जागा होती. तिथे आपण जे लिहू त्याप्रमाणे मशीन क्रम लावायचं, छापायचं मात्र मूळ नाव. म्हणजे प्रत्येक नावाला मी क्रमांक द्यायचा. पण क्रमांक देण्यासाठी क्रम आधी माहीत हवा! मग काय, लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कार्डांच्या चिठ्ठ्या कापल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक नाव लिहिलं, आणि मुलुंडला काकांच्या खोलीत जमिनीवर अ पासून ज्ञ पर्यंत मांडल्या. पंखा बंद ठेवून. मे महिन्यात. काकू चहा घेऊन आल्या की दारातूनच कप पुढे करायच्या.

तिथे कळलं की क्रमसुद्धा पोरखेळ नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे विनायक अकरा. ते वडिलांच्या नावानं वेगळे केले. दत्तक गेलेल्यांची नावं बदललेली. 'बाळकृष्ण' हा 'बाल' शेजारी की पार शेवटी? शाळेतल्या तक्त्यात ळ हा ह नंतर येतो, तेव्हा शेवटी. ज्ञानेश्वर 'ज' मध्ये की सगळ्यांच्या मागून? काका म्हणाले, "लोक जिथे शोधतील तिथे." सूचीशास्त्रातलं याच्यापेक्षा मोठं वाक्य मी पुढे कुठे वाचलं नाही. तेव्हा मात्र त्याचा अर्थ मला फक्त 'ज्ञ'पुरताच कळला.

१९९९ च्या जानेवारीत मुलुंडच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. कुठून कुठून माणसं आली होती. आणि सगळ्यांनी प्रत हातात पडताच काय करावं? पुस्तक मागून उघडलं! मी भिंतीशी उभी राहून पाहत होते. दोनशे माणसं सूचीवर बोट फिरवताहेत, स्वतःचं नाव शोधताहेत, सापडलं की शेजाऱ्याला दाखवताहेत. त्या दोन महिन्यांचं सार्थक झालं असं वाटलं.

आत्या पहिल्या रांगेत होती. तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. तिनं चष्मा लावला, 'श' काढला, वरून खाली बोट नेलं. पुन्हा वरून खाली. आत्याचं सासरचं नाव श नं सुरू होणारं. सत्तावन्न वर्षं ती त्या नावानं सही करत आली होती, त्या नावानं शाळेत शिकवत आली होती, तिचे विद्यार्थी तिला त्याच नावानं ओळखत होते. मी धावत गेले आणि म्हटलं, "आत्या, क मध्ये बघ." तिनं क काढला. सापडलं. पान २१४, शेवटची ओळ, 'कन्या'. तिनं ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "हो गं. हिला ओळखत होते मी. लग्नाआधी."

ती हसत म्हणाली, मीही हसले. घरी येताना लोकलमध्ये मात्र ते वाक्य काही केल्या जाईना.

रात्री सूची पुन्हा पाहिली. लेकी फक्त माहेरच्या नावानं, सुना फक्त सासरच्या नावानं. एकूण एक बाई अर्ध्या आयुष्यापुरतीच सापडत होती. माझी आईसुद्धा! तिला माहेरच्या नावानं शोधणारी तिची मैत्रीण या पुस्तकात तिच्यापर्यंत पोचूच शकली नसती. मी 'पाहा' ठेवले असते तर हे झालं नसतं. काकांच्या हस्तलिखितात दोन्ही नावं होती, ती मजकुरात छापलीही गेली. तीन चमत्कारिक तुकड्यांचा वैताग आला म्हणून मी ती सूचीतून घालवली. दोष मशीनचा नव्हता, फॉन्टचाही नव्हता. पुरुषाच्या नोंदीला 'पाहा' लागत नाही, म्हणून मला त्याची उणीव जाणवली नाही, एवढंच खरं.

त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. आणि त्यातलं काही आमच्या उपनगरातूनच गेलं, हे मला फार उशिरा कळलं. मी घाटकोपरला चित्रांशी झटापट करत होते त्याच सुमारास तिकडे जुहूला एनसीएसटी या संस्थेत र. कृ. जोशी देवनागरीच्या संगणकीय अक्षरांवर काम करत होते. त्याआधी ते पवईच्या आयआयटीत शिकवत. त्यांनी आखलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. तुमच्यापैकी बहुतेकांनी मराठीत टाइप केलेलं पहिलं वाक्य त्याच अक्षरांत पाहिलं असेल. मागे होतं युनिकोड. त्यात देवनागरीला स्वतःचं घर मिळालं, भाडेकरूपण संपलं. वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण साठवली जाते नंतर, जशी उच्चारात येते तशी. जोशी २००८ मध्ये गेले. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, तीच शेवटची. तिला युनिकोड कधी कळलंच नाही. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय यायला २०१२ उजाडलं.

गेल्या वर्षी घरच्यांनी दुसऱ्या आवृत्तीचं काढलं. काका आता नाहीत, आत्याही नाही. जुनी सीडी सापडली, पण फॉन्टचं डोंगल कोणाकडेच नाही. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा. सगळं युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासावं लागलं. यावेळी विनायक आणि शिवराम आपापल्या अक्षरांत गेले. पण नुसत्या कोडच्या क्रमानं लावलं की बाळकृष्ण अजूनही 'ल' च्या शेजारी जाऊन बसतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर आहे. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे, जिथे आपण शाळेत शिकलो तिथे. मराठीचे नियम मशीनला सांगता येतात आता, पण सांगावे लागतात. तो रिकामा कोपरा इनडिझाइनमध्येही आहे. जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं.

आता 'पाहा' बद्दल. पहिल्यांदा ठरवलं होतं, या खेपेला सगळे परस्परसंदर्भ घालायचे. सासरच्या नावापुढे 'पाहा माहेरचं नाव'. मग बोरिवलीच्या पोरीचा फोन आला आणि मी थांबले. समजा हिनं 'श' मध्ये आजीला शोधलं आणि तिथे 'पाहा क' असं दिसलं. म्हणजे आजी तिथे नाही, पलीकडच्या घरी विचार. बाईला पुन्हा एका दारातून दुसऱ्या दारात पाठवायचं! सूची करणाऱ्यांचा एक साधा संकेत आहे. पानांचे आकडे एक-दोनच असतील तर 'पाहा' म्हणू नये, दोन्ही ठिकाणी थेट आकडेच द्यावेत. जागा तेवढीच लागते आणि वाचकाचा हेलपाटा वाचतो. तसंच करतेय. आत्या क मध्येही २१४ आणि श मध्येही २१४. खरं तर पान आता बदलेल. कारण 'कन्या' ही एक ओळ राहिलेली नाही. तिच्या शाळेविषयी चार ओळी तिच्या नातीनंच कालच्या रविवारी लिहून पाठवल्या.

तर नातेवाईकांनो, काम असं. सुनांची माहेरची आणि लेकींची सासरची नावं माझ्याकडे पहिल्या आवृत्तीपुरती आहेत, त्यानंतरची नाहीत. शिवाय काहींनी लग्नानंतर नाव बदललेलं नाही, त्यांचंही तसं कळवा. तुमच्या आईची, आजीची, काकूची दोन्ही नावं, आणि तिला घरात ज्या नावानं हाक मारायचे तेही, गणपतीच्या आत मला फोन करून सांगा. पणजीचं माहेरचं नाव कोणालाच आठवत नसेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. आजच विचारा.

सूची मी सगळ्यात शेवटी काढणार आहे. तोवर जागा आहे.